स्तनाच्या कर्करोगासाठी निधी उभा करायचाय? टी-शर्ट छापण्याआधी हे वाचा

सप्टेंबर संपत आला की महिला मंडळं, सोसायट्या आणि रोटरी-लायन्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न फिरायला लागतो: यंदा ऑक्टोबरला काय करायचं? उत्तरंही ठरलेली असतात. सकाळची फेरी, गुलाबी साड्या, एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान, चहा-सामोसा, आणि शेवटी पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या धनादेशासोबत फोटो.

यात वाईट काही नाही. पण फेरीच्या दुसऱ्या दिवशी त्याच गावातल्या एखाद्या बाईच्या हाताला स्तनात गाठ लागली तर तिने कुठे जायचं? सोनोग्राफी कोण करणार? बायोप्सीचे, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याचे, पैसे कोण भरणार? कार्यक्रमाने याचं उत्तर दिलं नसेल तर त्या बाईच्या दृष्टीने तो झालाच नाही. म्हणून मोहीम आखताना सुरुवात त्या बाईपासून करायची आणि तिथून मागे येत येत फेरीपर्यंत पोहोचायचं. या लेखात तसंच केलं आहे.

गुलाबी रंग आला कुठून

हे आधी सांगते, कारण पैसा आणि जागृती यांची गाठ कुठे पक्की बसते आणि कुठे सुटते, ते यात दिसतं.

अमेरिकेतही एके काळी या आजाराचं नाव दबक्या आवाजात घेत. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली स्तनाची शस्त्रक्रिया झाल्याचं उघडपणे सांगितलं आणि तपासणीला येणाऱ्या बायकांची संख्या एकाएकी वाढली. १९८२ मध्ये नॅन्सी ब्रिंकर यांनी डॅलसमध्ये आपल्या दिवंगत बहिणीच्या, सुझन कोमेनच्या, नावाने संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी निधीसाठी पहिली दौड भरवली. १९८५ मध्ये ऑक्टोबर हा जागृतीचा महिना ठरला. तो ठरवणाऱ्यांत अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जोडीला आयसीआय या कंपनीचा औषध विभाग होता. टॅमॉक्सिफेन हे या आजारावरचं औषध त्याच कंपनीचं. औषध चांगलंच आहे, आजही लाखो बायका ते घेतात. पण पहिल्या दिवसापासून या मोहिमेत व्यापार बरोबरीने बसलेला होता, हे लक्षात असलेलं बरं.

आता या मोहिमेची खूण बनलेल्या गुलाबी फितीची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या शार्लट हेली या ६८ वर्षांच्या बाई घरच्या जेवणाच्या टेबलावर पीच रंगाच्या फिती तयार करायच्या. प्रत्येक कार्डावर पाच फिती आणि खाली मजकूर: राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वर्षाचं अंदाजपत्रक १.८ अब्ज डॉलरचं, त्यातले प्रतिबंधासाठी फक्त ५ टक्के. ही फीत लावा आणि लोकप्रतिनिधींना जागं करा. १९९२ मध्ये 'सेल्फ' मासिक आणि एस्टी लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी यांनी ती फीत मागितली. हेलीबाईंनी नकार दिला. हा मामला त्यांना फार बाजारू वाटला. मग वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलण्यात आला आणि गुलाबी फीत जगभर गेली. पीच फितीखाली एक आकडा होता, एक मागणी होती. गुलाबी फितीखाली कुणीही काहीही छापू शकत होतं, आणि छापलंही. २०१० मध्ये तळलेलं चिकन गुलाबी बादल्यांतून विकून कोमेन संस्थेसाठी निधी जमवण्यात आला. ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन ही संघटना २००२ पासूनच अशा विक्रीविरुद्ध मोहीम चालवत होती. प्रत्येक गुलाबी वस्तूमागे किती पैसे जातात, कुणाला जातात आणि त्यातून काय होतं, हे विचारा, असा तिचा आग्रह.

त्याच देशातलं दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने स्तनाच्या कर्करोगावर तिकीट काढलं. साधं तिकीट ३२ सेंटचं, हे ४० सेंटचं. वरच्या रकमेची वाटणी कायद्यातच लिहिलेली होती: ७० टक्के राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या संशोधनाला, ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाला. पुढच्या काळात त्या तिकिटातून ९ कोटी डॉलरच्या वर निधी जमला. तिकीट घेणाऱ्याला आपले आठ सेंट कुठे जातात ते कळायचं.

तुमच्या पावतीपुस्तकावर अशीच एक ओळ हवी. ती कशी ठरवायची ते आता पाहू.

पहिलं काम: गळती कुठे आहे ते शोधा

गाठ लागल्यापासून उपचार संपेपर्यंतचा रस्ता कागदावर काढा. बाई घरी सांगते. आशाताई किंवा गावातल्या डॉक्टरांकडे जाते. तिथून मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी. मग बायोप्सी. बायोप्सीच्या तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या, कारण त्यावर कुठलं औषध द्यायचं ते ठरतं. मग शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन, आणि अनेकींना पुढे पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रोज एक गोळी.

प्रत्येक टप्प्यापुढे तीन गोष्टी लिहा: हे आपल्या तालुक्यात कुठे होतं, किती रुपये लागतात, किती दिवस थांबावं लागतं. ही माहिती दोन-तीन फेऱ्यांत मिळते. उपजिल्हा रुग्णालय, एखादं खासगी सोनोग्राफी केंद्र, जिल्ह्याच्या ठिकाणची पॅथॉलॉजी लॅब आणि उपचार पूर्ण केलेल्या दोन-चार बायका. या बायका सर्वात उपयोगी पडतात. नेमकं कुठे अडलं, कोणी परत पाठवलं, कुठला खर्च अचानक अंगावर आला, हे त्यांनाच ठाऊक असतं.

बहुतेक ठिकाणी एक गोष्ट आढळेल. शस्त्रक्रिया आणि किमोसाठी सरकारी योजना आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट आता राहिलेली नाही. पण योजनेत नाव घालायला बायोप्सीचा अहवाल लागतो, आणि त्या अहवालापर्यंत पोहोचायचा खर्च बहुधा खिशातूनच जातो. दुसरं भोक प्रवास-मुक्कामाचं. रेडिएशन रोज घ्यावं लागतं, तीन ते पाच आठवडे. बीडच्या किंवा सिंधुदुर्गातल्या बाईने तेवढे दिवस मुंबई-पुण्यात राहायचं कुठे, आणि तिच्यासोबत येणाऱ्याची मजुरी बुडते तिचं काय? तिसरं, योजनेच्या पॅकेजात न बसणारी औषधं आणि तपासण्या.

या तीनपैकी एक निवडा. एकच. 'कर्करोगग्रस्तांच्या मदतीसाठी' असं लिहून गोळा केलेल्या पैशांवर वर्षअखेरीस वाद होतात, कारण ते कशासाठी होते हे कुणीच सांगू शकत नाही. त्यापेक्षा 'तालुक्यातल्या ज्या बाईला डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली तिची बायोप्सी आणि त्यावरच्या तपासण्या' असं लिहा. देणाऱ्यालाही समजतं, घेणारीलाही समजतं.

दुसरं: रुग्णालयाशी कागदावर बोला

शिबिराची तारीख ठरवण्याआधी ज्यांच्याकडे बायका पुढे पाठवायच्या त्यांच्याशी लेखी ठरवून घ्या. उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा धर्मादाय रुग्णालय, कुठलंही चालेल. पत्रात एवढं हवं: शिबिरातून आलेल्या बाईला कुठल्या वारी, कुणी तपासायचं, सोनोग्राफी-बायोप्सीचा दर काय, अहवाल किती दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेलं उद्दिष्ट इथे हाताशी ठेवा: बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रुग्णालयात गेल्यावर हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही. विचारावं लागतं, आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा लागतो. तहसील कार्यालयातून तो मिळायला वेळ जातो. तुमच्या मंडळातला एखादा निवृत्त कारकून फक्त या कामाला लावलात तरी मोठी मदत होते.

पत्र देणारं रुग्णालय सापडलं नाही तर शिबिर घेऊ नका. बाईला गाठ आहे असं सांगून तिला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा ते पैसे प्रवासखर्चाला द्या.

तिसरं: सांगायचं काय

व्याख्यान छोटं ठेवा. भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आकडा एकदाच सांगा आणि पुढे सरका. भीतीने बायका तपासणीला येतात कमी, पळतात जास्त.

मग लक्षणं. न दुखणारी गाठ, स्तनात किंवा काखेत. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणं, खळी पडणं. एका बाजूचा आकार बदलणं. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हा समज सगळ्यांत घातक, तो तीनदा खोडा. अंगावर पाजणाऱ्या आईला 'दुधाची गाठ असेल' म्हणून महिनोन्महिने थांबवलं जातं, तेही सांगा. आणि लगेच दुसरी बाजू: बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, तपासल्यावर मन मोकळं होतं. सुई टोचल्याने किंवा बायोप्सीने रोग पसरत नाही. पुरुषांनाही क्वचित होतो.

महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून स्वतःची तपासणी करायला शिकवणं, हा बहुतेक कार्यक्रमांचा मुख्य भाग असतो. यावर थोडं थांबायला हवं. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून अधिक कामगार बायकांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांना स्वतपासणी नीट शिकवली, वर्षानुवर्षं उजळणी घेतली. २००२ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू कमी झाले नाहीत, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. आपलं शरीर ओळखीचं असावं, बदल दिसला की लगेच दाखवावा, हे खरंच. पण स्वतपासणीचं पत्रक वाटलं म्हणजे तपासणी झाली असं मानू नका.

आपल्याकडचा पुरावा जास्त कामाचा आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. म्हणजे यंत्राविना, प्रशिक्षित हातांनीही काम होतं, पण ते पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि थोरल्या बायकांपर्यंत न्यावं लागतं.

सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची हाताने तपासणी आहेच, उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना मोहिमेत घ्या. तुम्ही जाल, त्या राहणार आहेत.

चौथं: कधी आणि कुणाला बोलवायचं

ऑक्टोबरचा आग्रह सोडा. मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या गावात तर मुळीच नको. दसरा-दिवाळी झाली की ती माणसं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी गाठ सापडलेली बाई आठवड्यात कोयता घेऊन गाडीत बसलेली असेल, कारण मुकादमाची उचल घेऊन झालेली असते. अशा गावात शिबिर पावसाळ्यात घ्या, म्हणजे निघण्याआधी निदान तरी होईल.

दुसरा प्रश्न हळदीकुंकवाचा. बायका एकत्र येण्याचं हमखास ठिकाण म्हणून सगळे तेच निवडतात. पण वय वाढतं तसा हा धोका वाढतो, आणि साठीच्या पुढच्या कितीतरी बायका विधवा असतात. त्यांना आमंत्रण नसतं, किंवा असलं तरी त्या मागे बसतात. ज्यांना तपासायचं त्यांनाच दाराबाहेर ठेवणारं निमंत्रण काय कामाचं? बचत गटाची बैठक, भजनी मंडळ, रेशन दुकानाचा वार, हे जास्त बरं. हळदीकुंकूच करायचं असेल तर सर्वांना सारखं बोलवा आणि निमंत्रणात तसं स्पष्ट लिहा.

नवऱ्यांशी आणि सासवांशीही वेगळं बोलायला लागतं, कारण पुण्याला जायचं की नाही हे बऱ्याच घरांत तेच ठरवतात. तिथे लक्षणांचं व्याख्यान नको. खर्च किती, योजना कुठली, किती दिवस घर सोडावं लागेल, एवढंच.

शिबिराच्या दिवशी तपासणारी बाईच हवी, दार लागणारी खोली हवी, पडद्यावर भागवू नका. नीट तपासायला एका बाईला आठ-दहा मिनिटं लागतात, म्हणजे एका तपासनीसाकडून दिवसात चाळीसच्या वर नावं घेऊ नका. 'आम्ही एका दिवसात पाचशे महिला तपासल्या' असं वाचलं की मला त्या तपासणीबद्दल शंका येते. कुणाला पुढे पाठवायचं असेल तर माइकवरून नाव नाही, फोटो नाही, शेजारणीपुढे बोलणं नाही. वहीत नाव, फोन, गाव, काय आढळलं आणि पुढची तारीख. आणि ती वही कुणाच्या कपाटात राहील तेही त्याच दिवशी ठरवा. दोनशे बायका तपासून एकीचाही कर्करोग सापडला नाही तर शिबिर फसलं असं नव्हे. हिशोबाने तेच अपेक्षित असतं.

पाचवं: पैसे, पावती आणि कायदा

नोंदणीकृत सार्वजनिक न्यास नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी हीच घेतात, त्यामुळे तुमच्या गल्लीत ती प्रक्रिया माहीत असलेला कार्यकर्ता नक्की सापडेल. सोपा मार्ग म्हणजे आधीपासून नोंदलेल्या न्यासाच्या खात्यात, त्यांच्या पावतीवर, ठरलेल्या हेतूसाठी पैसे घेणं. कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर, अगदी अध्यक्षांच्याही, एक रुपया नको.

प्राप्तिकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत देणगीदाराला हवी असेल तर न्यासाकडे ती मंजुरी आहे का ते पाहा, पॅन क्रमांक लिहून घ्या, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही हे आधीच सांगा. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत मिळत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळांकडून मदत येणार असेल तर जपून. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी, मग तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, परदेशी देणगीच धरली जाते आणि त्यासाठी न्यासाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे त्यात येत नाहीत.

आता फेरीचा हिशोब. समजा ३०० जण, प्रवेश ५०० रुपये, जमा दीड लाख. टी-शर्ट १८०, पदक ६०, नाश्ता-पाणी ७०, म्हणजे माणशी ३१० गेले. उरले ५७,०००. त्यातून मांडव, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका, फलक असे ४०,००० वजा करा. हाती १७,०००. याउलट ६० घरांनी महिन्याला २०० रुपये लावले तर वर्षाला १ लाख ४४ हजार, टी-शर्टाशिवाय. फेरी करायची असेल तर करा. मजा येते, माणसं जोडली जातात, आणि मासिक वर्गणीदार मिळवायला तीच जागा चांगली. खर्चाला प्रायोजक आधी मिळवा, म्हणजे प्रवेशाचा प्रत्येक रुपया हेतूला जाईल, आणि तसं जाहीर करा.

प्रायोजक दुकानदार 'विक्रीतला काही भाग देऊ' म्हणाला तर 'काही' म्हणजे किती, प्रत्येक वस्तूमागे की ठोक, आणि कमाल मर्यादा आहे का, हे लिहून घ्या. दारू आणि तंबाखूवाल्यांचे पैसे नकोत. दारूने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे सिद्ध आहे, आणि तंबाखूबद्दल वेगळं सांगायला नको.

सहावं: मदत द्यायची कशी

रोख हातात देऊ नका, तिच्याही सोयीसाठी. बायोप्सीचे पैसे लॅबला, औषधाचे रुग्णालयाला. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथे रुग्णाच्या फाईल नंबरवर पैसे भरता येतात आणि योजनेतलं काय उरलंय तेही कळतं. योजनेच्या कागदांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठायचं. शिधापत्रिका, आधार, बायोप्सी अहवाल, तिन्हींच्या झेरॉक्स दोन-दोन.

मुंबईत मुक्कामासाठी परळच्या नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा जागा आहेत. खोल्या कमी, मागणी जास्त, म्हणून उपचाराची तारीख मिळताच चौकशी करा; सहसा रुग्णालयाचं पत्र लागतं.

आणखी एक छोटी मदत. स्तन काढलेल्या बाईला ब्लाउजमध्ये घालायला सुती दोऱ्याचे, आत मऊ कापूस भरलेले कृत्रिम स्तन क्रोशाने विणता येतात. बाजारातले सिलिकॉनचे महाग आणि उकाड्यात जड. विणकाम येणाऱ्या आज्ज्यांना हे काम द्या, त्या फेरीपेक्षा यात जास्त रमतात.

बाईचा चेहरा लावून समाजमाध्यमावर पैसे मागायची वेळ आलीच तर तिची लेखी संमती घ्या, आणि तिने नाही म्हटलं म्हणून मदत थांबवू नका. लग्नाची मुलगी घरात असलेली बाई बहुतेकदा नाहीच म्हणेल.

सातवं: वर्षाचा हिशोब

ताळेबंदाच्या वर पाच आकडे लिहा: किती बायका तपासल्या, किती जणींना पुढे पाठवलं, त्यांतल्या किती पोहोचल्या, निदानाला सरासरी किती दिवस लागले, उपचार किती जणींनी पूर्ण केले. पाठवलेल्या आणि पोहोचलेल्या या दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल तर पुढच्या वर्षीचा हेतू बदला. कदाचित बायोप्सीच्या पैशांपेक्षा एसटीच्या भाड्याची आणि सोबत जाणाऱ्या कुणाची तरी गरज असेल. मग पावतीपुस्तकावरची ती ओळ नव्याने छापून घ्या. जुन्या हेतूचे उरलेले पैसे नव्या हेतूला वळवायचे तर आधी देणगीदारांना कळवा आणि न्यासाच्या सभेत ठराव करून घ्या.